जेवणाच्या सुट्टीत तुटणारा बॅकअप

मंडळी, आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

इंदरगंजात माझ्या सुनेची, मृणालची, रक्ततपासणीची लॅब आहे. पेशंटांचे सगळे जुने रिपोर्ट एकाच कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये आहेत. त्याची हार्डडिस्क हल्ली करकर आवाज करते. ती गेली तर सगळं गेलं. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाणारा दुपारचा बॅकअप रोज अर्ध्यावर थांबतो, म्हणे कनेक्शन तुटलं. मृणालने वायर बदलली, पासवर्ड तपासला, फरक नाही.

आज सगळे घरी जेवायला गेले. मला घास उतरला नसता, म्हणून डबा तसाच ठेवून तिथे बसलो. स्क्रीन काळी झाली की डिस्क गेली असं वाटायचं, म्हणून सारखा माउस हलवत राहिलो. आणि बॅकअप पूर्ण झाला.

मृणाल परतली. "बाबा, तुम्ही केलं काय?"

"काही नाही. माउस हलवत होतो."

तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे मशीन सो रही थी! कोणी हात लावला नाही की झोपते, आणि कनेक्शन तुटतं. तुम्ही रोज वीज वाचवा म्हणता, म्हणून मीच तसं सेटिंग केलं होतं."

तिने ते बदललं. "आता जेवा."

"आधी त्या बॅकअपमधला एक रिपोर्ट उघडून दाखव."

"माझ्यावर भरोसा नाही?"

"तुझ्यावर आहे. यंत्रावर नाही."

तिने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला. नाव, साखर, सगळं दिसलं. मग मी जेवलो.

पण पाहिला एकच. बाकीचेही उघडतील ना? जाणकारांनी कृपया सांगावं.