ड्रायव्हर असंच लिहा

या सुट्टीत गावी जायचं नाही, असं मी बाबांना जाहीर करून टाकलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी घराच्या पत्र्यांचं, बागेच्या कुंपणाचं, आत्याच्या मोतीबिंदूचं कारण काढलं असतं. त्यांची सुट्टी नेहमी अशीच संपते. इथली नोकरी थांबते आणि रत्नागिरीतली सुरू होते.

"मग कुठे जायचं?"

"व्हिएन्नाला उतरायचं. गाडी भाड्याने घ्यायची. ऑस्ट्रियातून स्लोव्हेनिया, तिथून क्रोएशिया, आणि समुद्र लागला की थांबायचं. आई मुंबईहून थेट येईल."

"समुद्र आपल्या घरामागे आहे गो."

"तिथे तुम्ही कुंपण बांधता."

बाबा इथे अमिरातीत, अल ऐनमध्ये, एका स्थानिक अरब कुटुंबाकडे ड्रायव्हर आहेत, मी शाळेत जायच्या आधीपासून. मी तीन वर्षांपूर्वी आले, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी ते माझ्या खोलीवर येतात, मासे आणतात, मी भात लावते. आमचं घरपण एवढंच.

मला वाढवलं आईने आणि पत्रकांनी. आई अंगणवाडी सेविकांच्या युनियनचं काम करते. आमच्याकडे गोष्टीची पुस्तकं कमी आणि गुलाबी, पिवळ्या कागदाचे गठ्ठे फार. जेवणाआधी पत्रकं दुमडायची, शाई बोटांना लागायची, आणि वरणाला तिचा वास यायचा. त्या कागदांनी मला एक पक्कं शिकवलं. आधी मागणी सांगायची, मग कारण, आणि विनवणीचा सूर कुठेच येऊ द्यायचा नाही.

त्यामुळे सहलीची माझी पहिली मागणी ठरलेली होती. बाबांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडी मी चालवणार. जन्मभर दुसऱ्यांना फिरवलेल्या माणसाने एकदा तरी नुसतं बसून बाहेर बघावं, हा मला साधा न्याय वाटत होता.

बाबांनी माशाचे काटे बाजूला काढले, हात धुतले आणि फोनवर रस्त्यांचे फोटो उघडले. तासभर ते बोटाने स्लोव्हेनियातला एक घाट चढत होते.

"हे बघ. इकडून गेलं तर हायवे सोडावा लागतो, पण घाट काय आहे! आपल्या आंबा घाटासारखा, फक्त रस्ता धड."

"मी हायवेनेच नेणार आहे. सेफ."

"तुझं लायसन्स ऑटोमॅटिकचं. मला गिअरची गाडी पाहिजे."

"बाबा, तुम्ही चालवणार नाही आहात."

त्यांनी फोन पालथा ठेवला. "एक सांगू? रोज गाडी मीच चालवतो. पण कुठे वळायचं ते मागच्या सीटवरून ठरतं. यल्ला, इकडे. यल्ला, तिकडे. आता तू पुढच्या सीटवरून ठरवणार. माझ्यासाठी फरक काय?"

मी फोनवर आईकडे दाद मागितली. ती फिस्सकन हसली. "ज्याच्यासाठी मागणी आहे त्याची सही घेतलीस का? आमच्यात नाही चालत तसं."

त्या रविवारी चालक बदलला. मी नकाशा घेऊन मागे बसणार असं ठरलं. मला राग आला होता, पण हरल्याचा नव्हता; बाबांना आधी विचारलं नाही याचा होता.

मग आम्ही व्हिसाच्या एजंटकडे गेलो. पुण्याचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, आवाजात साखर. आमचे कागद चाळता चाळता ते बाबांच्या रेसिडेन्सी व्हिसापाशी थांबले. इथे माणसाच्या व्हिसावर त्याचा पेशा छापलेला असतो. तो शब्द माणसाच्या पुढे चालतो. कुटुंब आणता येईल का, शेजारच्या देशात जाता येईल का, हे दरवेळी आधी तो शब्द सांगतो. बाबांच्या कागदावर तो शब्द होता ड्रायव्हर.

"काका, तुमच्यासाठी आपली ग्रुप टूर घेऊ या ना. दहा दिवस, सहा देश, बसमध्ये जेवण मराठी. स्वतः गाडी चालवत तीन देश, हे जरा..."

"जरा काय?" मी विचारलं.

"ताई, स्पष्ट बोलतो. ड्रायव्हर माणूस स्वतःच्या खर्चाने युरोपात गाडी फिरवायला जातो, हे व्हिसा ऑफिसरला पटत नाही. तुमचं होईल. तुम्ही लॅबवाल्या. यांच्या अर्जात मी 'ट्रान्सपोर्ट सुपरवायझर' टाकतो. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

मी बोलायला लागले. चांगलीच बोलले असेन, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस टायपिंग थांबवून बघत होता. सुपरवायझर झाला की माणसाला समुद्र आवडतो आणि ड्रायव्हर असला की तो पळून जातो, हे कुठल्या कायद्यात आहे ते दाखवा, असं काहीसं. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सुपरवायझर झालो तर सुपरवाइज कोणाला करू? हिला? ऐकतेय का ती?" ते एजंटला म्हणाले. "ड्रायव्हर असंच लिहा."

"काका, रिजेक्ट झालं तर शिक्का राहतो. पुढच्या अर्जाला नडतो."

"राहू दे. मी आहे तेच लिहा."

आता अर्जाला जोडायला अरबाबांचं रजेचं पत्र हवं होतं. अरबाब म्हणजे बाबांचे मालक. माणूस वाईट नाही. आजारपणात बाबांना त्यांनी स्वतः दवाखान्यात नेलंय, हे मी विसरत नाही. बाबांनी पत्र मागितलं तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले, वेगळं कशाला? जुलैमध्ये आम्ही सगळे ऑस्ट्रियाला जातोच आहोत. तू चल, गाडी तूच चालव. व्हिसा माझ्या कुटुंबाबरोबर सहज होईल, खर्च माझा, युरोप बघून होईल.

हे खरंच झालं असतं. बाबा असेच ओमानला कितीतरी वेळा गेलेत. सीमेवर त्यांचा पासपोर्ट त्या कुटुंबाच्या गठ्ठ्यातून जातो आणि शिक्का बसून परत येतो. सलालाहचा हिरवा डोंगर, खाली फेसाळणारा समुद्र, सगळं त्यांनी पाहिलंय. गाडीच्या काचेतून, एसी चालू ठेवून, कारण मुलं परत येतील तेव्हा गाडी गार हवी.

आई म्हणाली, "ठरव तू. पण फुकट मिळतंय म्हणून हो म्हणू नकोस आणि मुलीला बरं वाटावं म्हणून नाही म्हणू नकोस."

बाबांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी अरबाबांना सांगितलं, "जुलैत दुसरा ड्रायव्हर बघा, मी माझ्या घरच्यांना घेऊन चाललोय." अरबाब 'इन्शाल्ला' म्हणाले आणि पत्र दिलं. तो इन्शाल्ला हो होता की बघू, हे बाबांनाही कळलं नाही.

अबुधाबीच्या व्हिसा केंद्रात आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. काउंटरवरच्या मुलीने पेशा वाचला आणि वर न बघता हिंदीत विचारलं, "किसके साथ जा रहे हो? स्पॉन्सर का नाम?"

बाबा म्हणाले, "मैं किसी के साथ नहीं जा रहा. ये मेरे साथ जा रही है. इसकी माँ भी."

तिने मान वर केली. मग अंगठ्याचा ठसा घेतला.

माझा व्हिसा आला. आईचा मुंबईत आला. बाबांचा नाकारला. छापील कागदावर एका चौकोनात खूण होती. हे गृहस्थ मुदतीत परत जातील याबद्दल शंका आहे. ज्या माणसाने दुसऱ्यांची मुलं, दुसऱ्यांच्या बायका, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया प्रत्येक सीमेपलीकडून सुखरूप घरी आणून सोडल्या, त्याच्या परतण्याबद्दल शंका! मी तो कागद फाडणार होते. बाबांनी काढून घेतला. "फाडू नको. अपीलात लावायचाय."

अरबाबांनी ऐकलं आणि पुन्हा विचारलं, अजून वेळ आहे, येतोस का आमच्याबरोबर? बाबांनी पुन्हा नाही सांगितलं. एजंटने फोन करून मला सुचवलं, ताई, तुम्ही आणि आई जाऊन या, काका पुढच्या वर्षी. मी त्यांना सांगितलं, काकांशिवाय गाडी सुरूच होत नाही, मला गिअर येत नाहीत.

व्हिसापायी वाया गेलेले पैसे, रद्द केलेली तिकिटं, हॉस्पिटलमध्ये रजा बदलून घेताना ऐकलेली बोलणी, हे सगळं आहे आणि राहील. आम्ही अपील केलं आहे. पेशाच्या रकान्यात तोच शब्द आहे, या वेळी बाबांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलेला. बँकेचे कागद वाढवले, अरबाबांकडून नवं पत्र घेतलं. परवाच्या रविवारी आम्ही तिघं फोनवर नव्या तारखा ठरवत होतो. मी म्हटलं, अपील हरलो तर नवा अर्ज, आणि तो हरलो तर आणखी एक. माझं भाषण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

"ऑक्टोबरात तिकडचा समुद्र गार असेल," आई म्हणाली.

"गाडी समुद्रात घालायची नाहीये," बाबा म्हणाले. "पण नोव्हेंबरच्या आत पोचायला हवं. नंतर घाटात बर्फाचे टायर लागतात."