मामाजींची मधली

माझ्या आत्याच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू काढून टाकलेली नाही, असं मी म्हटलं तर ते लगेच मला दुरुस्त करतील आणि 'एक काढली होती गा' म्हणून आठवण देतील. ती एक कोणती आणि ती काढताना काय झालं, तेच सांगायचं आहे. पण त्याआधी माणूस सांगायला हवा. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. या मामाजींनी कन्हानकडच्या एका कोळशाच्या खाणीत बत्तीस वर्षं जमिनीखालच्या वाटांचे नकाशे काढले. खाणीत आत जायला एक वाट असली, तर बाहेर यायला दुसरी असावीच लागते. हा नियम त्यांनी कामावरून घरी आणला आणि निवृत्तीनंतर साऱ्या संसाराला लावला. त्यांच्याकडे चष्मे चार आहेत. तीन वेगवेगळ्या अंतरांचे आणि चौथा, ज्याची एक काडी तुटलेली आहे, तो त्या तिघांपैकी कोणी दगा दिला तर म्हणून. कूलर दोन आहेत, एक चालणारा आणि एक चालू शकणारा. चहा प्यायला गेलात, तर साखरेचा, बिनसाखरेचा, काळा, आणि चहा नकोच असेल तर लिंबाचं सरबत, असे चार पर्याय ते उभं राहून शांतपणे सांगतात आणि तुम्ही 'काहीही चालेल' म्हणालात, तर पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

एकदा भिवापूरला नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मामाजींनी आदल्या दिवशी तिथे जायच्या तीन वाटा कागदावर काढल्या, प्रत्येक वाटेवरची रेल्वे फाटकं, खड्डे आणि चहाच्या टपऱ्या खुणांसह. सकाळी गाडी सुरू करून आम्ही अर्धा तास त्या कागदावर चर्चा केली, मग पहिल्या वाटेने निघालो, आणि ती मोकळी सापडल्यामुळे मामाजी अस्वस्थ झाले. बाकीच्या दोन वाटांचं काय झालं असेल, हे कळायला मार्गच नव्हता. म्हणून मध्येच वळून आम्ही दुसरी पाहायला गेलो. लग्नाच्या बुद्धविहारात पोहोचलो तेव्हा वंदना झाली होती, लग्न लागलं होतं आणि मुलीकडची माणसं पाहुण्यांची पानं उचलत होती. मामाजींनी मुलीच्या बापाला नमस्कार केला आणि तिसऱ्या वाटेने आलो असतो तर याहून उशीर झाला असता, अशी समजूत घातली.

अशा माणसाच्या हाती संगणक पडल्यावर काय होणार? त्यांच्या मुलाने हैदराबादला जाताना आपला संगणक त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यात एक ऑपरेटिंग सिस्टीम होती, म्हणजे संगणक चालू झाल्यावर सगळं चालवणारी मूळ व्यवस्था. लोक नवी घालताना जुनी पुसतात. मामाजींनी जुनीच्या शेजारी नवी बसवली. काही वर्षांनी आणखी एक. जुनी राहू दिली, कारण त्यांचा नकाशे घेणारा म्हातारा स्कॅनर तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नसे. पुढे कोणीतरी पेनड्राइव्हवर एक फुकटची सिस्टीम दिली, तीही नुसती पाहायला म्हणून लावली आणि ती राहिली. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर चौघींची यादी येई आणि दहा सेकंदांत त्यातली एक निवडावी लागे. मामाजींनी त्यांना नावं ठेवली होती: थोरली, मधली, धाकटी आणि पाहुणी. थोरलीवर स्कॅनर, मधलीवर घरचे फोटो आणि कागद, धाकटीवर बँक, आणि पाहुणीवर पत्ते. घरी आलेल्या परक्या माणसाला ते हे इतक्या सहज सांगत की तो आत्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागे. एक विमा एजंट तर 'मधलीची तब्येत आता कशी आहे' असं विचारून गेला होता.

आणि मागच्या वर्षी मे महिन्यात मधलीची तब्येत खरंच बिघडली. ती स्वतःला अद्ययावत करत असताना वीज गेली. मामाजींकडे विजेसाठी बॅटरी होतीच, पण ती त्या दिवशी कूलरला लावली होती. वीज आल्यावर मधली निम्म्यापर्यंत उठायची, पडदा निळा व्हायचा, संगणक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. यादीत न निवडता राहिलं तर तो मधलीवरच जायचा, त्यामुळे संगणक लावून कोणी दारावरची बेल ऐकायला गेलं, की परत येईपर्यंत त्याचं उठणं-पडणं चालू असायचं. मामाजी त्याला सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि सगळंच पुसून एक नवी सिस्टीम टाकून देतो म्हणाला. चार-चार कोण ठेवतं, असंही म्हणाला. मामाजींनी संगणक उचलला. "एकाले ताप आला म्हणून तुम्ही अख्खं घर पाडता काय?" एवढंच विचारून ते पायऱ्या उतरले.

नंतर त्यांनी मला बोलावलं. मी विमा कंपनीच्या कचेरीत काम करतो, आणि पाच वर्षांपूर्वी एका लग्नात कोणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता, तेव्हापासून नात्यात मी संगणकातला जाणकार आहे. मीही मामाजींना तेच सुचवलं जे दुरुस्तीवाल्याने सुचवलं होतं, फक्त जरा आदराने. फोटो तर मुलाकडेही असतील, आता हा पसारा आवरू या, म्हणालो. आत्या भाजी आणायला गेली होती. तिच्या चपलांचा आवाज जिन्यात नाही याची मामाजींनी खात्री केली, दार लोटलं आणि म्हणाले, "बाबू, मधलीत तुझ्या आत्याचा आवाज आहे."

माझी आत्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा तिने आपल्या वर्गातल्या पोरांसाठी याच संगणकावर बसून गोष्टी सांगितल्या, रोज एक. मामाजी त्या ध्वनिमुद्रित करत आणि पालकांच्या मोबाईलवर पाठवत. पुढच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ती काढली, आत्याचा जीव वाचवला, पण आवाज गेला. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. शेजारी बसलं तरच ऐकू येतं. आजाराच्या त्या दिवसांत आम्ही सगळे दवाखान्यात होतो, आणि आमच्यापैकी एकालाही त्या गोष्टींची आठवण आली नव्हती. मामाजींना होती. पालकांच्या मोबाईलवरच्या गोष्टी केव्हाच पुसल्या गेल्या असणार, आणि चार चष्मे बाळगणाऱ्या या माणसाने गोष्टींची मात्र एकच प्रत ठेवली होती. मी का म्हणून विचारलं, तर ते बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिले. "कॉपी कराले फोल्डर उघडा लागते," ते म्हणाले. "माह्याच्यानं उघडल्या नाही गेलं." आणि मग, सामान घेऊन आत्या जिन्यात आल्याचं ऐकून घाईने म्हणाले, "तिले सांगू नको. सापडलं तं सांगू."

रविवारी सकाळी आम्ही बसलो. आत्याला बँकेचं काहीतरी चाललंय असं सांगितलं होतं. मधली स्वतः उठत नव्हती, पण तिचं घर, म्हणजे संगणकातला तिचा कप्पा, शाबूत असेल तर शेजारणीच्या खिडकीतून आत पाहता येईल, अशी माझी अटकळ होती. यादीतून पाहुणी निवडली. तिच्यातून मधलीचा कप्पा उघडला आणि तो खरंच उघडला. फोटो होते, विजेची बिलं होती, भिवापूरच्या वाटांचे तीन नकाशे होते. गोष्टींचं फोल्डर कुठेच दिसेना. मामाजी प्रत्येक फोल्डर उघडताना चष्मा बदलत होते. अर्ध्या तासाने ते सापडलं, 'नंतर पाहू' असं नाव दिलेल्या फोल्डरच्या आत. मोजल्या, तर एक्केचाळीस गोष्टी होत्या. त्यातली एक वाजवून पाहायला हवी होती, फाइल खराब असू शकते. मी आवाज अगदी कमी केला आणि कळ दाबली. आत्याचा तो जुना, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज म्हणाला, "चला बरं, सारे नीट बसा." मामाजी खुर्चीत ताठ बसले. खरंच नीट बसले. मी पटकन बंद केलं, आणि आम्ही दोघंही काही वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिलो. मग आम्ही फोटो आणि कागद धाकटीत हलवले आणि त्या गोष्टींच्या प्रती केल्या: एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या मोबाईलमध्ये, एक हैदराबादच्या मुलाला. मामाजींनी चौथीही करायला लावली.

आता मधलीला काढायचं होतं. ते काम तसं सोपं, कप्पा निवडायचा आणि पुसायचा. पण गंमत अशी की एकाच कप्प्याला प्रत्येक सिस्टीम वेगळं अक्षर देते. मधली ज्याला सी म्हणायची त्याला धाकटी ई म्हणते, आणि आम्ही आता ज्या थोरलीत शिरलो होतो ती धाकटीलाच ई म्हणते. मी ई अक्षर पाहून पुसायच्या कळीवर बोट ठेवलं होतंच. मामाजींनी माझं मनगट धरलं. "अक्षरावर जाऊ नको गा. माप पाय." त्यांच्या वहीत चारी कप्प्यांची मापं लिहिलेली होती, कोणता किती मोठा, कोणाच्या शेजारी कोण, खाणीच्या नकाशासारखा नकाशाच काढलेला. माप लावून पाहिलं, तर मी धाकटीला पुसायला निघालो होतो. मी खजील झालो. त्यांनी फक्त चहाचे चार पर्याय सांगितले. चहा झाल्यावर योग्य कप्पा निवडला, तीनदा वाचला, आणि शेवटची कळ त्यांनी स्वतः दाबली. बत्तीस वर्षांत ज्या माणसाने बंद पडलेली वाटही नकाशातून खोडली नव्हती, त्याचं बोट त्या कळीवर थोडं थांबलं, एवढं मी पाहिलं.

संगणक पुन्हा सुरू केला आणि यादीच आली नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की चालू करण्यासारखं इथे काहीही सापडत नाही. ज्या यादीतून चौघी निवडल्या जात, ती यादीच मधलीच्या कप्प्यात ठेवलेली होती. मधलीबरोबर तीही गेली. मी तो दोनदा बंद करून पुन्हा लावला. मामाजी शांत होते. संगणक गेला तरी गोष्टी चार ठिकाणी होत्या, म्हणून असेल. त्यांनी कपाटातून पाहुणी जिच्यावरून आली होती ती जुनी पेनड्राइव्ह काढली आणि लावली. तिच्यावरून संगणक उठला, आणि तासभर चुकत-चुकत, वहीत पाहून, मोबाईलवर वाचून आम्ही नवी यादी बनवली. पुन्हा सुरू केल्यावर तीन ओळी आल्या. मामाजींनी त्या मोठ्याने वाचल्या आणि मधली जिथे असायची तिथे क्षणभर थांबून पुढे गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी गोष्टी पेनड्राइव्हवरून धाकटीत घेतल्या, आत्याला खुर्चीत बसवलं आणि पहिली गोष्ट लावली. आत्याने ती पूर्ण ऐकली. चेहऱ्यावर काही दिसेना. संपल्यावर ती मला जवळ बोलावून कुजबुजली, "किती मोठ्यानं बोलत होती मी." मामाजींना ते ऐकू गेलं. "तवाच सांगत होतो," ते म्हणाले, "हळू बोल, आवाज फाटून राहिला." आणि मग आत्या हसली, तिच्या हसण्याला आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात. त्या दिवशी तिने दुसरी गोष्ट ऐकली नाही. रोज एकच, असं ठरवलं, पूर्वीसारखं.

हे होऊन वर्ष झालं. गेल्या महिन्यात मामाजींचा फोन आला, रविवारी ये म्हणाले. गेलो तर वही उघडून बसले होते. त्यांचे हात अलीकडे थरथरतात, माऊसचा बाण पडद्यावर भलतीकडेच जातो. थोरली आणि पाहुणीही काढून टाक, म्हणाले; एकच ठेव. स्कॅनरचं काय, म्हणून मी विचारलं. स्कॅनर राहू दे, पण तो चालवायला आता कोण बसतंय, म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मी नसलो तं तुझ्या आत्याले कोण सांगन, कोणती उघडाची ते?"

आत्या दारात उभी होती. ती कधी आली, आम्हाला कळलं नव्हतं. ती आली, मामाजींच्या हातातली वही घेऊन तिने बंद केली आणि त्यांना खुर्चीतून उठायची खूण केली. स्वतः बसली, संगणक लावला. तीन ओळी आल्या. मी वाकून जवळ गेलो, म्हणून मला ऐकू आलं. "राहू द्या. मले येते." तिने बाणाची कळ दाबली आणि थांबली, मग उघडायची कळ दाबली. तिने कोणती उघडली, ते मी पाहिलं नाही. तिच्या मागे उभे असलेले मामाजी खिशातून दुसरा चष्मा काढत होते, आणि तो त्यांना डोळ्यांवर नीट चढवता येत नव्हता.