ससे आणि आंदणाची म्हैस

भिमाजीचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. गवताचा भारा कापायचा, झटकून कोरडा करायचा आणि डोक्यावर घेऊन कुरवंड्याहून दोन कोस लोणावळ्याला चालायचे. तिथल्या एका बंगल्यात गुरांचे डॉक्टर राहत. १९३२ साली त्यांचे साठ ससे भिमाजीच्या हवाली होते. ओले गवत घातले की ससा हगवणीने मरे, आणि मग तो रोगाने मेला की भिमाजीने मारला, हे डॉक्टरांना कळत नसे.

रोग होता म्हशींचा ताप. डॉक्टर त्याचे जंतू एका सशाला टोचत. तो मेला की त्याचे रक्त दुसऱ्याला. पहिला ससा आठ दिवस तगला. तिसावा दुसऱ्या सकाळीच आडवा.

"सशात राहून राहून जंतू सशाचाच झाला," डॉक्टर म्हणाले. "म्हशीत आता त्याचा जोर चालणार नाही. थोडी कणकण येईल, पण पुढे खरा रोग टळेल. असा अंदाज आहे. पण टोचायला म्हैस देतो कोण?"

भिमाजीला हे लगेच पटले. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा शिवेपार ढकलते, पुढचे गाव आणखी पुढे. तीस गावे हिंडलेल्या मरीआईला पहिले गाव कशाला आठवेल? त्याने म्हैस नेऊन टोचून आणली. म्हैस बायकोची, रतनबाईची. इंदुरीच्या माहेराहून आंदण आलेली. तिला विचारायचे राहून गेले.

संध्याकाळी रतनबाईने म्हशीचा कान चाचपला. "ह्यो कान का तापलाय?"

भिमाजीने सगळे सांगितले, मरीआईसकट.

"आन गाडा फिरून आपल्याच शिवंला आला तर? म्हस मेल्यावर दूध तुमी देनार व्हय?"

"डॉक्टर म्हनलं, न्हाई मरत."

"डॉक्टरच्या बानं दिलीया का म्हस?"

तीन दिवस म्हशीने वैरणीला तोंड लावले नाही आणि रतनबाईने चुलीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी म्हशीने अख्खा भारा संपवला. डॉक्टर आनंदाने अनवाणी कुरवंड्याला आले. रतनबाई तोवर म्हशीला घेऊन इंदुरीच्या, माहेरच्या वाटेला लागली होती.

भिमाजी तीनदा न्यायला गेला. तिन्ही वेळा पाणी मिळाले, बायको नाही.

"ही म्हस हितंच ऱ्हाईल," रतनबाई म्हणाली. "तुमच्या कष्टाची आना. मग मी यीन."

दीड वर्षाच्या पगारात भिमाजीने तळेगावच्या बाजारात म्हैस घेतली आणि तशीच इंदुरीला नेली. रतनबाईने तिचे दात बघितले, कास बघितली, दावे स्वतःच्या हातात घेतले आणि कुरवंड्याकडे निघाली. भिमाजी मागून चालला.