शिक्षेसाठी कॉम्प्युटर

आमच्या नातेवाइकांत माझ्या मुलीबद्दल एक किस्सा सांगितला जातो. लग्नकार्यात जेवणं उरकली, माणसं सतरंजीवर कलंडली, की कोणीतरी तो काढतंच. लखनऊला असताना तिनं हट्टानं, स्वतःच्या अकलेनं गेम खेळायचा कॉम्प्युटर निवडला. बापाचं ऐकलं नाही, मामाचं ऐकलं नाही. कॉम्प्युटर घरी आला, तर त्यावर गेम सोडून बाकी सगळं चालायचं. यावर लोक हसतात. मुलगी समोर असली तर तीही हसते.

हा किस्सा पहिल्यांदा मी सांगितला, आणि चांगला रंगवून सांगितला. त्यातलं मुख्य वाक्य खोटं आहे, हे मला एकट्याला माहीत आहे. आता माझं वय असं झालं आहे, की माझ्या तब्येतीबद्दल डॉक्टरसुद्धा माझ्याशी न बोलता शेजारच्या माणसाशी बोलतात. तेव्हा हे लिहून टाकलेलं बरं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रेल्वेत इंजिनिअर होतो आणि आलमबागच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. घरात मी, बायको आणि एकुलती एक मुलगी. आम्ही दोघं साताऱ्याकडचं मराठी बोलायचो. मुलीला ते सगळं कळायचं, पण उत्तर निम्मं हिंदीतून यायचं, आणि ती रागावली की पूर्ण हिंदीतून. शब्दांचे घोटाळे आमच्या घरात रोजचे होते. मुलीच्या शाळेच्या फाटकावर ‘शिक्षा का मंदिर’ असं रंगवलेलं होतं. पहिल्या दिवशी ते वाचून बायको म्हणाली होती, “निदान बाहेरच लिहून ठेवलंय.”

मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा तिनं कॉम्प्युटर मागितला. कशाला हवा, असं मी विचारलं. दुसऱ्या कुठल्याही मुलीनं ‘अभ्यासाला’ म्हटलं असतं. ही म्हणाली, “गेम के लिए, बाबा. अभ्यासपण होईल, पण गेम के लिए.”

मी पस्तीस हजारांची मर्यादा घातली. घासाघीस होईल म्हणून मनात आणखी थोडे वेगळे ठेवले होते, पण तिनं एक रुपयाही वाढवून मागितला नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पस्तीस तर पस्तीस, पण डब्याच्या आत काय बसवायचं ते मी ठरवणार. त्या काळी कोणी तयार कॉम्प्युटर फारसं घेत नसे. सुटे भाग निवडायचे आणि दुकानदारानं ते एका डब्यात जोडून द्यायचे, असा रिवाज होता.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज सुटे भाग येऊ लागले. ती रद्दीवाल्याकडून कॉम्प्युटरची जुनी मासिकं उचलून आणायची. वरणभात कालवता कालवता मदरबोर्ड म्हणजे काय, रॅम कमी पडली तर काय होतं, हे आम्हाला सांगायची. बायको म्हणायची, “आधी लोणचं वाढ, मग रॅम वाढव.”

वादाचा मुद्दा एकच होता. माझा मेहुणा पुण्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, म्हणून तो घरातला तज्ज्ञ. त्यानं फोनवर सांगितलं, “दाजी, प्रोसेसर म्हणजे इंजिन. तिथं पैसे वाचवू नका. ज्याची टीव्हीवर जाहिरात येते तोच घ्या.” आयुष्य रेल्वेत गेलेल्या माणसाला इंजिनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मला ते लगेच पटलं.

मुलीला पटलं नाही. ती म्हणाली, प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा, स्वस्तातला घ्यायचा. त्याला चालेल असा बोर्डही स्वस्तातला. त्यातून उरलेले पैसे सगळे थ्री-डी कार्डात घालायचे. गेममधलं चित्र काढायचं काम ते कार्ड करतं.

“आणि इंजिन?” मी विचारलं.

“बाबा, मामा को बोलिए, इंजन देखने के लिए टिकट कोई नहीं काढत. खिडकीतून काय दिसतं ते बघतात.”

बायको हसली. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी याला उत्तर शोधत होतो, हे मला आठवतं.

दुकान हजरतगंजच्या मागच्या एका मार्केटात, पहिल्या मजल्यावर होतं. माझी हिंदी ऑफिसच्या हिंदी पंधरवड्यात शिकलेली. आत जाऊन मी म्हणालो, “बच्ची की शिक्षा के लिए कम्प्यूटर चाहिए.”

“ज़रूर सर, तशरीफ़ रखिए,” दुकानदार म्हणाला. तिशीतला, बारीक मिशीचा, अदबीनं बोलणारा माणूस होता. मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, “बाबा, शिक्षा कुठली? हिंदीतली की मराठीतली?”

मग तिनं भाग सांगायला सुरुवात केली. पहिल्या दोन भागांपर्यंत दुकानदार तिचं ऐकून माझ्याकडे बघायचा, माझी मान हलली की लिहायचा. तिसऱ्यापासून त्यानं माझ्याकडे बघणं सोडलं. प्रोसेसरवर तर दोघांची चर्चाच रंगली. तो म्हणाला, “मैडम बिल्कुल सही कह रही हैं. गेम के लिए यही जोड़ी बैठती है.” मी मामाचं इंजिन पुढे केलं. तेव्हा तो अतिशय नम्रपणे माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “अंकल, आप आराम से बैठिए ना. चाय मँगवाते हैं.”

मी सर म्हणून आत गेलो होतो आणि स्टुलावर बसलो तो अंकल होऊन. माझ्या हाताखाली तेव्हा बरीच माणसं होती. माझ्या सहीशिवाय त्यांचं साधं स्टूलही विकत घेतलं जात नसे. चहा मात्र चांगला होता.

कॉम्प्युटर जोडायला दोन-तीन दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच दुकानात गेलो. जाताना मनात कारणं तयार होती. गेमनं अभ्यास बुडेल. मुलीची जात, तिला काय करायच्यात मोटारी पळवायच्या. ही कारणं मी स्वतःला पुढे कित्येक वर्षं सांगितली. यांतलं एकही खरं नव्हतं. मुलीचा अभ्यास कधी बुडाला नव्हता. खरं कारण ते स्टूल होतं.

मी म्हणालो, “वो गेम वाला कार्ड रहने दीजिए. सादा लगा दीजिए. बाकी सब वैसा ही.”

दुकानदारानं यादीवरचं पेन उचललं. “मैडम को बुरा लगेगा, अंकल.”

“मैडम को बताने की ज़रूरत नहीं.”

“जैसी आपकी मर्ज़ी. आपके घर का मामला है.”

त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर त्याचा माणूस दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला मशीन चालवून दाखवत होता. दुकानदार सहज म्हणाला, “ये देखिए, वही जोड़ी है, जो मैडम ने चुनी. वही बोर्ड, वही प्रोसेसर, वही कार्ड.” पडद्यावर डोंगरातला रस्ता होता आणि त्यावरून लाल मोटार वळणं घेत होती. झाडांच्या सावल्या मोटारीच्या टपावरून सरकत होत्या. कुठे अडखळणं नाही. मी ते चांगलं बघून घेतलं आणि तरीही माझं म्हणणं बदललं नाही.

वाचलेल्या पैशांतून मी कॉम्प्युटरसाठी टेबल करून घेतलं. सनमायका लावलेलं, कीबोर्डचा खण आतबाहेर सरकणारं. शेजारपाजारचे लोक कॉम्प्युटर बघायला आले आणि टेबलाची तारीफ करून गेले.

मुलीनं पहिल्याच संध्याकाळी गेमची सीडी घातली. पडद्यावर इंग्रजीतून पाटी आली, की या मशीनमध्ये थ्री-डी कार्ड सापडत नाही. त्या घरात तेव्हा खरं बोलणारं तेवढं एकच होतं. पण मशीनचं कोण ऐकतो. सगळे धरून चालले, की मशीनच बिघडलं आहे.

ती दिवसचे दिवस त्याच्याशी झगडत बसली. सगळं पुसून पुन्हा घातलं, मैत्रिणीच्या भावाकडून सीड्या आणल्या, मासिकं पुन्हा पहिल्यापासून वाचली. डबा उघडून बघते म्हणाली, तर मी दुकानदारानं लावलेल्या कागदी सीलकडे बोट दाखवलं. “सील फाटलं तर वॉरंटी जाईल.” मागून बघून काही कळायची सोय नव्हती, साधं कार्ड आणि ते कार्ड मागून सारखंच दिसतं. मग ती दुकानात गेली. दुकानदारानं माझा शब्द पाळला. “हो सकता है मैडम, बोर्ड से मैच नहीं कर रहा हो,” असं तो म्हणाल्याचं तिनं घरी येऊन सांगितलं. ते सांगताना ती माझ्याकडे नाही, टेबलाच्या सनमायकाकडे बघत होती.

म्हणजे चूक बोर्डाची. बोर्ड आणि प्रोसेसर स्वस्तातले, आणि ते तिनं निवडलेले. मामा सुट्टीत आला, त्यानं मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “इंजिन, दाजी. मी सांगत नव्हतो?” ती काही बोलली नाही. आधी बोलली असती, खिडकीचं काहीतरी काढलं असतं.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, “बाबा, पैसे वाया गेले ना. सॉरी.”

आता जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “असू दे. चुका होतात. पुढच्या वेळी मोठ्या माणसांचं ऐकायचं.” मोठ्या मनानं मी तिला माफ केलं. बायकोनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि मला आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली.

वॉरंटी वर्षभराची होती. मुलीचा उत्साह त्याच्या आधीच संपला. त्या कॉम्प्युटरवर मी माझी ऑफिसची टिपणं टाइप केली आणि बायकोनं पत्ते खेळायला शिकून घेतलं. घरात गेम काय तो तिनंच खेळला. मुलीनं कॉम्प्युटरच्या कोर्सचा फॉर्म आणला होता, तो भरला नाही. विचारलं तर म्हणाली, “मुझे इसकी समझ नहीं है, बाबा. बघितलंत ना.” पुढे तिनं बँकेची परीक्षा दिली, पास झाली, तिचं चांगलं चाललं आहे. एका कार्डानं तिचं आयुष्य फिरलं असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मी फारच मोठा माणूस ठरेन. पण त्यानंतर मोबाइल घ्यायचा असला, गाडी घ्यायची असली, की ती दुसऱ्या कोणाला तरी विचारते. ‘मला त्यातलं कळत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं आहे, की आता ते तिच्या स्वभावाचा भाग वाटतं. मला मात्र ते वाक्य कुठल्या टेबलावर तयार झालं हे माहीत आहे.

मी निवृत्तीनंतर लखनऊतच राहिलो. बायको गेली. आलमबागेतून आता मेट्रो जाते. मागच्या महिन्यात नातीचा पुण्याहून फोन आला. तिला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे, बजेट ठरलं आहे, भाग निवडायचे आहेत.

“आईला विचार की,” मी म्हणालो.

“आजोबा, मम्मी म्हणते तिला यातलं काही कळत नाही. तिनं एकदा निवडला होता तो चाललाच नाही. ती म्हणाली, आजोबांना विचार, त्यांना कळतं.”

नातीला काहीतरी सांगून मी फोन ठेवला. दोन दिवस कशात लक्ष लागलं नाही. मग मुलीला फोन केला आणि या कागदावर आहे ते सगळं सांगितलं, स्टुलासकट.

  तिनं विचारलं, “बोर्डानं ते कार्ड घेतलं असतं?”

“घेतलं असतं. मी बघितलं ना. शेजारच्या काउंटरवर तीच जोडी चालू होती.”

“वही प्रोसेसर?”

“तोच. तुझावालाच.”

“कसं दिसत होतं?”

मी तिला डोंगरातला रस्ता सांगितला, लाल मोटार सांगितली, टपावरून सरकणाऱ्या सावल्या सांगितल्या. ती ऐकत होती. माफी मागायचं मी ठरवलं होतं. ते वाक्य तोंडाशी आलं तोच ती म्हणाली, “अटकत नव्हती? वळणावर?”

“नाही. कुठेच नाही.”

“हं.” मग पूर्ण हिंदीतून, “आप उसे कुछ मत बताइए. उसे मैं बताऊँगी.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. लग्नकार्यात तो किस्सा पुन्हा कोणी काढला तर ती काय करेल, हे मी तिला विचारलेलं नाही. नातीचा मात्र चार दिवसांनी मेसेज आला. बरीच वैतागलेली होती. “आजोबा, मम्मीने सगळी लिस्ट बदलली. म्हणते प्रोसेसर कमीवाला चालेल, सारा पैसा कार्ड में डालो. रात्रंदिवस यूट्यूब बघत बसली आहे, माझा लॅपटॉप देत नाही. तुम्हीच सांगा, बरोबर आहे का हे?”

मी चष्मा लावून उत्तर टाइप केलं. मला यातलं कळत नाही, आईला विचार.