ज्याचा त्याचा चौकोन

गाड्यांच्या शर्यतीचा तो जुना व्हिडिओ गेम आमच्याकडे आला तो नणंदेने घर बदलताना टाकून द्यायला काढला म्हणून. टीव्हीचे चार चौकोन होतात आणि प्रत्येक चौकोनात एकेकाची गाडी पळते. रस्त्यात पेट्या असतात. पेटी फोडली की हत्यार मिळतं. मग कुणाच्या चाकाखाली केळ्याची साल टाका, नाहीतर कुणाला बॉम्ब मारून उडवा. माझ्या मुलीच्या टॅबवर याहून देखणे गेम डझनभर असतील, पण ते ती एकटी खेळते आणि आठवड्याभरात विसरते. हा मात्र आमच्या कळंब्याच्या घरात दर रविवारी जेवणानंतर लागतोच.

तो जुना का होत नाही, याचा मी विचार केला आहे. एक कारण असं की जो सगळ्यात मागे असतो त्याला सगळ्यात भारी हत्यार मिळतं. त्यामुळे जन्मात सायकलवर न बसलेली माझी आई सहज जिंकते. माझ्या वडिलांना, आण्णांना, हे अजिबात पटत नाही. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते ते. "ह्यो कसला न्याय? मागनं आलेल्यालाच खिडकी?" असं म्हणत ते वळणावर गाडी हळू करतात आणि हॉर्नचं बटण शोधतात. आई ओरडते, "आवं, हाणा की! म्हसरं राखाय आलायसा व्हय?" दुसरं कारण म्हणजे त्या अर्ध्या तासात वडीलधारं कुणी उरत नाही. दहा वर्षांची पोर "आज्जी, मेलीस!" म्हणते आणि आजीच आधी हसते. आण्णांना मागून बॉम्ब मारताना मलाही फार बरं वाटतं. बारावीनंतर त्यांनी मला गाडी शिकू दिली नव्हती, त्याचं उट्टं मी अजून काढते आहे.

गणपतीनंतरच्या एका रविवारी माझ्या लक्षात आलं की आण्णा फारच वाईट हरतायत. वय झालं, असं मी म्हटलं. मग नीट पाहिलं. त्यांची गाडी रस्ता सोडायची ती दर वेळी डावीकडेच. उजवीकडच्या पेट्या ते बरोबर टिपायचे, पण डावीकडच्या पेट्यांजवळून जणू तिथे काही नाहीच असे निघून जायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंदाजावर बोलायचं नाही, ही माझी जुनी खोड. पुढच्या रविवारी मी गुपचूप रिमोटची अदलाबदल केली, म्हणजे त्यांचा चौकोन टीव्हीच्या डाव्या बाजूचा उजवीकडे गेला. फरक पडला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांची खुर्ची हलवली. तरी तेच. त्यांच्या स्कूटरचा डावा आरसा वर्षात दोनदा फुटला होता आणि दोन्ही वेळा त्याचा आळ शेजाऱ्यांच्या म्हशीवर गेला होता, हेही मला आठवलं.

त्या स्कूटरवर आईला बसवून ते दर रविवारी सकाळी गडमुडशिंगीहून यायचे. आल्यावर चहा पिऊन माझ्या मुलीला तबल्याच्या क्लासला सोडायचे, तासाभराने घेऊन यायचे. मी रविवारी वह्या तपासत बसायची. त्यांचं हे नेणं-आणणं मला बरं पडायचं.

असे सहा रविवार गेले. खात्री करून घ्यावी, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ज्या माणसाने तीस वर्षांत एक कोंबडं चाकाखाली येऊ दिलं नाही, त्याला गाडी सोडा म्हणून सांगायचं कुणी?

सातव्या रविवारी मी सांगितलं. शर्यत संपली होती, आई नेहमीप्रमाणे पहिली आली होती, पोर पुढची शर्यत निवडत होती. मी म्हणाले, "आण्णा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. आता स्कूटर चालवायची नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊया."

ते चिडतील अशी माझी तयारी होती. ते चिडले नाहीत.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "म्हणूनच न्हवं का हितं हरतोय? रस्त्यावर तुजी आई असती मागं. हितं तिचा चौकोन येगळा."

"म्हणजे?"

उत्तर आईने दिलं. "मी सांगतोय की त्येस्नी. डावीकडनं रिक्षा आली, खड्डा हाय, पोरगं आडवं आलंय. पाठीवर हात मारतोय. वरीस झालं, काय झालं का सांग?" तिच्या आवाजात अभिमानच होता. मला क्षणभर त्या दोघांचं कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं. दोघांत मिळून ते एक ड्रायव्हर झाले होते आणि मला, त्यांच्या लेकीला, त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "आणि पोरीला क्लासला नेता तेव्हा? तेव्हा कोण सांगतं?"

"मी सांगते," टीव्हीवरची नजर न काढता माझी मुलगी म्हणाली. "आज्जीनं शिकवलंय. डावीकडून काही आलं की पाठीवर हात मारायचा."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. अक्कल गहाण टाकलीय का, असं वडिलांना म्हणाले, एवढं आठवतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आई रडू लागली. पोर घाबरून तिच्या मांडीला चिकटली.

आण्णा सगळं ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"गणपती झाल्यावर."

"म्हंजी म्हैना, दीड म्हैना."

"हो."

"त्यातलं किती आयतवार पोरगी माज्या मागं बसली?"

ते आवाज चढवून बोलत नव्हते. बहुधा खरंच विचारत होते. मी खात्री करत होते, असं म्हणणार होते.

"सगळे," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली, आईला उठ म्हणाले आणि दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "मला दिसत न्हवतं, बाई."