सिंहासनाखालचं चिन्ह

नोकरीत पंचनामे पुष्कळ केले. पण त्यातल्या एका पंचनाम्याची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं, तेव्हाचे दिवस. मी इंदूरला मल्हारगंज भागात सब-इन्स्पेक्टर होतो. एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या कपाटातून पाच प्राचीन ग्रीक चांदीची नाणी गेली होती. कुलूप शाबूत. त्यांच्या मुलाने स्वयंपाकाच्या बाईंचं नाव घेतलं आणि दोन दिवस मी त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. त्या एवढंच म्हणत, "साहेब, त्या अलमारीला मी कधी हात नाही लावला."

तिसऱ्या दिवशी दुपारी खबर आली, गल्लीतला एक चांदीवाला जुनी नाणी गाळतो आहे. आम्ही धावतच गेलो. भट्टीवर चांदी वितळवायची मूस लाल झाली होती, नाणी शेजारच्या थाळीत.

"साब, ये तो हमारे दादाजी की हैं."

दादाजी ती कुठे ठेवत, हे त्याने तासाभरात तीन तऱ्हांनी सांगितलं. शेवटी घाम पुसत म्हणाला, "मास्टरजी के लड़के ने दी."

पण नाणी मास्तरांचीच, हे सिद्ध व्हायला हवं होतं. त्यांना ठाण्यात बोलावलं. मुलगाही सोबत आला. चांदीवाल्याचा जबाब दोघांनाही माहीत नव्हता. मास्तरांनी वही उघडली. प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून घेतलेले ठसे होते.

"ही हातोड्याने ठोकलेली नाणी, साहेब. दोन नाणी हुबेहूब निघत नाहीत. मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेला देव असतो, त्या सिंहासनाखालच्या बारीक चिन्हावरून टांकसाळ कळते."

मी नाणी बांधलेल्या रुमालाची गाठ सोडायला घेतली, तोच मुलगा म्हणाला, "बाबा, नीट बघा हं. आपली नाहीत ही."

मास्तरांनी मान वर केली. "तुला न बघताच कसं कळलं?"

मुलगा पांढराफटक पडला. मास्तरांनी एका शब्दात नकार दिला असता, तर मुलगा सुटला असता आणि बाई अडकल्या असत्या. त्यांनी भिंग लावून पाचही नाणी वहीशी ताडून पाहिली.

"लिहा. माझीच आहेत."

मग बाहेर जाऊन त्यांनी अजूनही बाकावर बसलेल्या बाईंसमोर हात जोडले. बाई उठल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर चोरीच्या तपासात मी आधी किल्ली कोणाकडे असते ते विचारू लागलो, घरात बाहेरचं कोण येतं ते नंतर. एवढं शिकलो. पण बाईंना दोन दिवस बसवलं होतं मी, आणि माफी मागितली मास्तरांनी. मी वर्दीत होतो, म्हणून गप्प राहिलो.