चटणीच्या चित्राला मार्क

सुनेनं मला परीक्षक केलं. चौथीत दोनदा बसलेल्या माणसाला. हयातभर माझ्या पाटीवर दुसऱ्यांनी फुल्या मारल्या, आणि आता मी खाटेवर मांडी घालून फोनमधल्या अकलेला मार्क देणार होतो. बायको असती तर पोट धरून हसली असती आणि वर म्हणाली असती, आधी चष्मा तरी पुसा.

कारण असं की माधवनगरला आमचा डंक आहे. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात आणि बायांना वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं लाल तिखट, कांडून मिळते. आमचा म्हणजे बायकोचा. मी कापडाच्या मागावर कामाला होतो. तिथनं सुटलो आणि तिच्या हाताखाली लागलो. पोती उचलायच्या वर बढती काही मिळाली नाही. गेल्या श्रावणात ती गेली. चैत्र लागला, बाजारात मिरचीचे ढीग पडले, पण डंकावर बाया येईनात. पोरगा फौजेत, लांब. सून एकटीच दाराकडं बघत बसायची. जुन्या मशिनरीचा एक व्यापारी येऊन डंकाभोवती फिरला, मुसळं वाजवून बघून गेला.

सून म्हणाली, "मामा, ह्या उन्हाळ्यात बाया आल्या न्हाईत तर त्येला देऊन टाकू. ठिवून काय करायचं?"

मी म्हटलं, "बघू." माझ्याकडं एवढंच उत्तर असतं. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. तो डंक गेला असता तर त्या घरात बायकोचं म्हणून काय राहिलं असतं? मी. आणि मला तर व्यापाऱ्यानंही वाजवून बघितलं नव्हतं.

मग जाहिरात करायचं ठरलं. फोनमधला एआय चित्र काढून देतो, फक्त त्याला सूचना नीट द्यावी लागते. सून बारावी झालेली. तिनं दोन-तीन तऱ्हेनं सूचना लिहिल्या आणि म्हणाली, "कुठली सूचना बरोबर हाय त्ये तुमी सांगा. गिऱ्हाईक तुमाला ठावं."

पहिल्या सूचनेत लिहिलं होतं: घरगुती चटणीचं आकर्षक चित्र. आलं काय, तर तांब्याची वाटी, तीत लाल भुकटी, बाजूला लिंबाची फोड आणि कोथिंबिरीची काडी.

"ह्यो तर दुकानातला पुडा झाला," मी म्हटलं. "शून्य."

"आवं, एकदम शून्य?"

"लिंबाचा एक मार्क दे."

दुसरी सूचना एआयनं स्वतःच सुधारून दिली होती. लांबलचक. सोनेरी उजेड, पारंपरिक वेश, प्रसन्न चेहरा. त्यात एक गोरी बाई आली, नाकात ताटाएवढी नथ, मिरची कांडताना दात काढून हसतेय.

"मिरची कुटताना कोण हसतं गं? हिनं एक श्वास घेतला तर नथीसकट बाहीर पळंल."

सून हसली. श्रावणापासनं पहिल्यांदा असं मोठ्यानं हसली, म्हणून मला चेव चढला. म्हटलं, आण तो फोन. आता माझी सूचना.

मी तोंडानंच सांगितलं. आपण पावण्याला वाट सांगतो तसं. "हे बघ गड्या, बाया बसल्यात. भुईवर, जवळजवळ. कुणी उठून जात न्हाई. सगळ्यांनी तोंडाला पदर लावलाय, डोळ्यातनं पाणी आलंय. मधी स्टूल, आणि स्टुलावर आमची मालकीण."

फोननं लिहिलं, छान कल्पना आहे. अख्ख्या संसारात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी फुगलो.

पण स्टुलावरची बाई जमेना. पहिली आली ती मास्तरीण दिसायची. म्हटलं, जरा काळी कर. दुसरी आली ती काळी, पण गरीब चेहऱ्याची. आमची कधी गरीब दिसली नाही. उधार मागणाऱ्याला नुसत्या बघण्यानं परत पाठवायची. म्हटलं, कपाळाला आठी घाल. तिसरीला आठी आली पण ती मूळव्याध असल्यागत. मी किती सांगावं? शेवटी चिडून म्हटलं, "ऱ्हाऊ दे तुझं. स्टूल मोकळंच ठिव."

ते मात्र त्याला पहिल्याच दमात जमलं. मी चित्राला पैकीच्या पैकी दिले. सून जरा घुटमळली, पण परीक्षकाचा मान राखला आणि खाली डंकाचा पत्ता टाकून चित्र फेसबुकावर, ग्रुपवर, सगळीकडं सोडलं.

दुपारच्याला म्हसवडहून मेव्हणीचा फोन. "आवं दाजी, कोण गेलं?"

"कोण जातंय?"

"मग ह्या बाया रडत्यात कशापायी?"

सुनेनं फोन उघडला. चित्राखाली रांग लागली होती. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले, फुलं, दिवे. एकानं तर लिहिलं होतं, दहावा कधी आहे?

"मामा, तुमी सांगिटलेलं परत वाचू का?" सून म्हणाली आणि वाचलंच. बाया, पदर, पाणी, मोकळं स्टूल. सगळं होतं. मिरची नव्हती. डंकही नव्हता. मला वाटलं, बाया अशा बसल्यात म्हणजे दुसरं काय असणार? त्या गड्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं सांगितलं तेवढं चोख काढलं होतं.

सून म्हणाली, "सूचनेला किती मार्क?"

"माझ्या पाटीवर मारत्यात तीच फुली," मी म्हटलं. ती तोंडावर हात दाबून हसत होती, मीही हसलो. मग तिनं एकदम हसणं थांबवलं आणि चूल बघायला आत गेली. चूल पेटलेली नव्हती.

चित्र काढून टाकलं. सुनेनं नवी सूचना लिहिली: आधी डंक, मग मिरची, मग बाया, आणि स्टुलावर पदर खोचलेली तरणी मालकीण. परीक्षकाची नोकरी माझी मीच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. दरवर्षीचं गिऱ्हाईक, कवलापूरकडची. चप्पल बाहेर काढली, खाली बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काल फोनमधी बघितलं," ती म्हणाली. "आत्या गेल्या व्हय? कवा?"

"श्रावणात."

"आमाला कुणी सांगिटलं न्हाई की वं. जात्रंत कोण म्हणालं, डंक मोडीत घातला. म्हणून आमी यंदा दुसरीकडं बघत हुतो."

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्या बाया वर्षातनं एकदाच यायच्या. त्यांच्या लेखी डंक गेला होता, ती नव्हे. भावकीला कळवलं, पावण्यांना कळवलं. वर्षानुवर्षं जिच्या हातची चटणी ज्यांनी खाल्ली त्यांना कळवायचं राहिलं. ते काम माझ्या बावळट सूचनेनं केलं होतं.

बाईनं डंकाकडं बघितलं. सुनेकडं बघितलं. "तुला येतं गं कांडाया?"

"आत्यांनी शिकिवलंय," सून म्हणाली.

"खोबरं कवा टाकतीस?"

"शेवटाला. आधी टाकलं तर त्याल सुटतं."

बाई उठली, चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी रिक्षातनं उतरली ती मिरचीचं पोतं घेऊन, आणि मागनं तिची जाऊ, तिचंही पोतं. जावेच्या माहेरची माणसं मंगळवारी येणार होती.

सुनेनं पदर खोचला. बटणाकडं जाता जाता म्हणाली, "मामा, त्या मशिनवाल्याला तेवढा फोन लावा. म्हणावं, येऊ नगा."

मी लावला. तो म्हणाला, "का हो, दुसरं गिऱ्हाईक मिळालं वाटतं?"

"व्हय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. डोळे पुसले, आणि दोष मिरचीला द्यावा म्हटलं, तर डंक अजून सुरूच झाला नव्हता.